काचेच्या पेटीपासून शेततळ्यापर्यंत : पाण्याची ऊब आणि शेवाळ

मे महिन्यातली गोष्ट आहे. कोल्हापुरात शिवाजी पेठेत माझी धाकटी बहीण राहते. अर्ध्या शिवाजी पुतळ्यापासून रंकाळ्याच्या दिशेने चालू लागले की ज्या गल्ल्या लागतात, त्यांतल्याच एकीत तिचे घर आहे. एका रविवारी सकाळी सातच्या आत तिचा फोन आला. "दादा, जमलं तर आज घरी येऊन जा. पोरगं सकाळपासून जेवायचं नाव काढंना."

माझा भाचा तेव्हा नववीत होता. वाढदिवसाला हट्ट करून त्याने माशांची काचेची पेटी घेतली होती. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच. म्हणजे काठोकाठ भरली तर छप्पन लिटर पाणी. तिच्यात सहा सोनेरी मासे होते. मी पोहोचलो तेव्हा सहाही मासे वर्तमानपत्रावर ओळीने ठेवलेले होते आणि पोरगा भिंतीकडे तोंड करून बसला होता.

"मामा, काल रात्री सगळे चांगले होते. पहाटे बघतोय तर हे असं. मी काय केलं?"

त्याने काहीच वाईट केले नव्हते. मासे उपाशी राहू नयेत म्हणून दिवसातून तीनदा चिमूटभर खाणे घालायचा. त्यांना ऊन मिळावे म्हणून पेटी पश्चिमेच्या खिडकीत ठेवलेली. महिनाभरात पाणी हिरवे झाले होते आणि काचेला बोटभर हिरवा थर आला होता. घरचे म्हणाले, शेवाळ म्हणजे निसर्गच, असू दे. आदल्या संध्याकाळी वळीव आला, वीज गेली ती पहाटेपर्यंत आली नाही, आणि पेटीतला हवेचा पंप रात्रभर बंद राहिला.

माझ्या पिशवीत जमिनीचे तापमान मोजायचा थर्मामीटर असतो. दुपारी चार वाजता मी तो त्या रिकाम्या पेटीच्या पाण्यात बुडवला. पारा तेहतीस अंशांवर जाऊन थांबला. मासे कशाने मेले हे तेव्हा मला कळले आणि वीस वर्षांपूर्वीची माझी स्वतःची एक चूकही आठवली. ती पुढे सांगतोच.

तुम्ही म्हणाल, शहरातल्या पोराच्या काचेच्या पेटीशी आम्हा शेतकऱ्यांचा काय संबंध? संबंध आहे. त्या छप्पन लिटरांत जे घडले तेच तुमच्या जनावरांच्या हौदात, विहिरीत आणि शेततळ्यात घडते. पेटीला काच असते म्हणून ते दिसते, एवढाच फरक.

शेवाळ हेही एक पीकच आहे

पिकाला काय लागते हे तुम्हाला मी सांगायला नको. ऊन लागते, पाणी लागते, खत लागते आणि ऊब लागते. शेवाळाचेही तेच आहे. पाणी तर त्याच्या चोहोबाजूंना असते. राहिल्या तीन गोष्टी : ऊन, खत आणि ऊब. ही तीन पायांची तिवई समजा. तिन्ही पाय असले की ती भक्कम उभी राहते. एक काढला की ती पडते.

भाच्याच्या पेटीत ऊन पश्चिमेच्या खिडकीतून येत होते. खत म्हणजे माशांचे उरलेले खाणे आणि त्यांची विष्ठा. त्यात नत्रही असते आणि स्फुरदही. ऊब मे महिन्याने पुरवली होती. तिवई भक्कम उभी होती.

यातल्या स्फुरदाचे महत्त्व जगाला पटवून देणारा एक प्रयोग कॅनडात झाला. १९७३ साली डेव्हिड शिंडलर या शास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ओंटारिओ प्रांतातल्या एका तळ्याच्या मध्यभागी पडदा लावून त्याचे दोन भाग केले. दोन्ही भागांत नत्र आणि कर्ब घातले. एका भागात त्याबरोबर स्फुरदही घातले. ज्या भागात स्फुरद पडले तेवढाच भाग शेवाळाने हिरवागार झाला. दुसरा तसाच राहिला. मध्ये फक्त एक पडदा! एक किलो स्फुरदावर साधारण पाचशे किलो ओले शेवाळ पोसले जाऊ शकते, असा हिशेब जाणकार मांडतात. आपल्या बांधावरून ओढ्यात वाहून गेलेले सुपर फॉस्फेट आणि न्हाणीघरातून नाल्यात गेलेली साबणपूड कुठे जाते, याचा विचार यावरून करावा.

ऊब काय करते?

आता मुख्य मुद्दा. ऊब स्वतः शेवाळ तयार करीत नाही. ती त्याची वाढ वेगाने पुढे ढकलते.

हे घरातल्या बायकांना माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. दूध तेच, विरजणही तेच. पण उन्हाळ्यात चार-पाच तासांत दही लागते आणि थंडीत रात्रभर ठेवून, भांडे गोणपाटात गुंडाळूनही सकाळी दूध पातळच असते. विरजणातल्या जिवाणूंना ऊब मिळाली की त्यांची वाढ झपाट्याने होते. शेवाळाचेही नेमके तसेच आहे.

रिचर्ड एप्ले या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९७२ साली समुद्रातल्या सूक्ष्म शेवाळांवरची बरीच निरीक्षणे एकत्र करून दाखवून दिले की ऊन आणि खत भरपूर असेल तर पाण्याचे तापमान दहा अंशांनी वाढले की शेवाळाच्या वाढीचा कमाल वेग जवळजवळ दुप्पट होतो. हे अर्थात एका मर्यादेपर्यंतच. त्यापुढे उष्णता त्यालाही सोसत नाही.

दुप्पट म्हणजे काही फार नाही, असे वाटेल. पण हिशेब करून पाहा. समजा, वीस अंशांच्या पाण्यात शेवाळ दोन दिवसांत दुप्पट होते आणि तीस अंशांच्या पाण्यात एका दिवसात. दोन्हीकडे एक-एक चमचा शेवाळ घेऊन सुरुवात केली. दहा दिवसांनी थंड पाण्यात बत्तीस चमचे होतील. ऊबदार पाण्यात एक हजार चोवीस! प्रत्यक्षात ऊन आणि खत मध्येच अपुरे पडते म्हणून एवढी मजल जात नाही. पण जानेवारीत पंधरवडाभर स्वच्छ राहणारा हौद मे महिन्यात चार दिवसांत हिरवा का होतो, याचे उत्तर या हिशेबात आहे.

जशी ऊब तसे शेवाळ

ज्वारी रब्बीची आणि भात खरिपाचा, तसे शेवाळातही हंगाम असतात. थंड पाण्यात, कमी उजेडात काचेवर किंवा दगडावर तपकिरी, बुळबुळीत थर येतो. तो डायॅटम नावाच्या सूक्ष्म शेवाळाचा. पाणी कोमट होऊ लागले, वीस ते तीस अंशांच्या दरम्यान आले, की हिरवी शेवाळे जोर धरतात. पाणी मटकीच्या कढणासारखे हिरवट होते किंवा काठाला केसांसारखे लांब दोरे येतात.

पंचवीस अंशांच्या पुढे, पाणी संथ आणि खतावलेले असेल तर, तिसरी जात डोके वर काढते. ती म्हणजे नील-हरित शेवाळ. खरे म्हणजे ते जिवाणूंच्या कुळातले आहे, पण उजेडावर अन्न तयार करते म्हणून आपण त्याला शेवाळ म्हणतो. तीस अंशांच्या आसपास इतर शेवाळे दमू लागतात, तेव्हा हे अधिकच फोफावते. त्याच्या काही जातींच्या पेशींत हवेच्या बारीक पिशव्या असतात. तापलेले पाणी हलके होऊन वर राहते, खालचे थंड पाणी खाली राहते आणि दोन्ही मिसळत नाहीत. अशा वेळी हे शेवाळ पिशव्यांच्या जोरावर वर तरंगते, सगळे ऊन आपणच घेते आणि खालच्यांना सावलीत टाकते. आपल्या शेतात गवत वर आले की कोवळे पीक जसे खाली पिवळे पडते, तसेच.

पहाटेचा श्वास

मग मासे का मेले? शेवाळाने खाल्ले म्हणून नव्हे. ते गुदमरून मेले.

माशांना पाण्यात विरघळलेला प्राणवायू लागतो. पाणी जितके गरम, तितका त्यात प्राणवायू कमी मावतो. वीस अंशांच्या एक लिटर पाण्यात समुद्रसपाटीला साधारण ९.१ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. तीस अंशांना ७.६. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून उंच असल्याने इथे त्याहूनही थोडा कमी. इकडे पुरवठा कमी झाला आणि तिकडे ऊब वाढल्याने माशाची भूक आणि श्वास दोन्ही वाढले. मिळकत घटली आणि खर्च वाढला, म्हणजे संसाराचे काय होते ते आपण जाणतोच.

त्यात शेवाळाची भर. दिवसा उन्हात शेवाळ प्राणवायू सोडते, म्हणून दुपारी हिरव्या पाण्यातले मासे खुशीत दिसतात. सूर्य मावळला की तेच शेवाळ उलटे फिरते आणि माशांच्या बरोबरीने प्राणवायू ओढू लागते. रात्रभर साठा उतरत जातो आणि सर्वात कमी होतो तो पहाटे, सूर्य उगवायच्या आधी. भाच्याच्या पेटीत आदल्या संध्याकाळी आभाळ आल्याने दिवसाची कमाईही तोकडी झाली होती आणि रात्रभर पंप बंद. सहा मासे, तापलेले पाणी आणि काचेवरचे बोटभर शेवाळ, असे एवढे खाणारे आणि प्राणवायूचा साठा मूठभर.

आणखी एक गोष्ट. माशांच्या विष्ठेतून पाण्यात अमोनिया येतो. त्याचा विषारी भाग पाण्याच्या उबेबरोबर वाढतो. पाण्याचा सामू आठ असताना वीस अंशांना हा विषारी भाग शंभरात चारच्या आसपास असतो, तीस अंशांना साडेसातच्या आसपास. दिवसा शेवाळ कर्बवायू ओढून घेते, त्यामुळे सामूही वर चढतो आणि विष आणखी वाढते. असे सगळे एकमेकांच्या हातात हात घालून येते.

माझ्या हातून झालेली चूक

वीस-एक वर्षांपूर्वी मी पन्हाळा तालुक्यात कामाला होतो. एका दुपारी एका शेतकऱ्याने रस्त्यात मोटारसायकल थांबवून विचारले, "सायेब, तळं पार हिरवं झालंय. पंपाची जाळी रोज गच्च भरतीया. काय करू?" मी घाईत होतो. पुढच्या गावी बैठक होती. मी उभ्या उभ्या सांगितले, "मोरचूद टाका." द्राक्षावर, भाजीवर बोर्डो मिश्रण आपण मारतोच, मोरचुदाने शेवाळ मरते, हे पुस्तकातले ज्ञान माझ्या तोंडावर होते.

तळ्यात मासे आहेत का, हे मी विचारले नाही. पाणी किती तापले आहे, हे पाहिले नाही. किती मोरचूद टाकायचे, हेही नीट सांगितले नाही.

चौथ्या दिवशी तो माणूस कार्यालयात आला. शेवाळ दोन दिवसांत पांढरे पडून तळाला बसले होते. तिसऱ्या दिवशी पहाटे रोहू आणि कटला पोट वर करून तरंगत होते. सगळे. आवाज न चढवता तो म्हणाला, "तुमी सांगितलं तसंच केलं, सायेब." ते मासे विकून तो थोरल्या मुलीच्या नर्सिंगच्या शिक्षणाची फी भरणार होता, हे मला नंतर दुसऱ्याकडून कळले. मी त्याच्या घरी गेलो तेव्हा त्याने मला चहा दिला. तो चहा मला आजही आठवतो.

काय झाले होते? तांबे माशांच्या कल्ल्यांना घातक असते, आणि मृदू पाण्यात तर थोडेही पुरते. त्याहून मोठे कारण असे की सगळे शेवाळ एकदम मेले. मेलेले शेवाळ कुजताना पाण्यातला होता नव्हता तेवढा प्राणवायू ओढून घेते. पाणी जितके ऊबदार, कुजणे तितके जलद. म्हणजे रोगापेक्षा औषधानेच घात केला. तेव्हापासून रस्त्यात उभ्या उभ्या सल्ला द्यायचे मी सोडले. तुम्हीही असा सल्ला घेऊ नका, देणारा कितीही शिकलेला असो.

रंकाळ्याचा धडा

त्या रविवारी संध्याकाळी मी भाच्याला घेऊन रंकाळ्यावर गेलो. रंकाळ्याच्या जागी पूर्वी दगडाची खाण होती असे सांगतात. काठावर संध्यामठ आहे, पलीकडे शालिनी पॅलेस. पिढ्यान्‌पिढ्या शिवाजी पेठेतली माणसे इथे फिरायला येतात. एके काळी इथे म्हशी धुतल्या जात, कपडे धुतले जात. त्यात वाढत्या शहराच्या सांडपाण्याचे नाले येऊन मिळाले. म्हणजे खताची सोय झाली. पाणी संथ, ऊन भरपूर. २०१२-१३ च्या सुमारास तळ्याचे पाणी हिरव्या रंगाच्या डब्यात बुडवल्यासारखे झाले आणि काठावर नाक धरून चालायची वेळ आली. ते मायक्रोसिस्टिस नावाचे नील-हरित शेवाळ होते. नाले वळवण्यासाठी, पाण्यात हवा मिसळण्यासाठी पुढे बरीच खटपट झाली, लोकांनी आंदोलने केली, पैसा खर्च झाला.

मी भाच्याला म्हटले, "बघ, तुझी पेटी आणि हे तळं, दुखणं एकच. तुझ्या पेटीत खाणं जास्त झालं, इथं सांडपाणी." आपल्याला सूर्य झाकता येत नाही आणि उन्हाळा थांबवता येत नाही. तिवईचा जो पाय आपल्या हातात आहे तो खताचा. तळ्यात घाण जाऊच न देणे हे तळ्यातून घाण काढण्यापेक्षा कितीतरी स्वस्त. तळे राखी तो पाणी चाखी, ही म्हण आपण चेष्टेने वापरतो; पण जो तळे राखणार नाही त्याला चाखायलाही काही उरणार नाही, हाही तिचा एक अर्थ घेता येईल.

जनावरांना जपा

नील-हरित शेवाळाच्या काही जाती विष तयार करतात. मायक्रोसिस्टिसचे विष यकृतावर जाते. ही गोष्ट नवी नाही. १८७८ साली जॉर्ज फ्रान्सिस याने ऑस्ट्रेलियातल्या अलेक्झांड्रिना सरोवराविषयी लिहून ठेवले आहे की उन्हाळ्यात पाण्यावर हिरव्या रंगासारखा दाट थर साचला आणि ते पाणी प्यालेली मेंढरे, घोडी, गुरे काही तासांत दगावली.

सगळे हिरवे पाणी विषारी नसते. ओळखायची साधी रीत अशी : एक काठी पाण्यात फिरवून वर उचला. काठीला केसांसारखे दोरे लागले तर ते बहुधा साधे हिरवे शेवाळ. दोरे न येता काठी रंगात बुडवल्यासारखी हिरवी-निळसर झाली आणि वारा ज्या काठाला लागतो तिथे साय साचल्यासारखा थर दिसला, तर सावध व्हा. ही परीक्षा घरगुती आहे, अंतिम नाही. शंका आली की जनावरे त्या पाण्यावर सोडू नका, कुत्र्यालाही जाऊ देऊ नका आणि मुलांना पोहू देऊ नका. असे पाणी उकळले तरी विष जात नाही, हे घरातल्या सर्वांनी लक्षात ठेवावे. पाणी प्यालेले जनावर झोकांड्या देऊ लागले, गळून बसले, तर घरगुती औषधात वेळ न घालवता पशुवैद्यकांना बोलवा आणि पाण्याविषयी त्यांना आवर्जून सांगा.

काय करावे?

घरात माशांची पेटी असेल तर ती खिडकीपासून दूर ठेवावी. दिवा लावत असाल तर दिवसाला सहा ते आठ तास पुरे. मासे दोन-तीन मिनिटांत जेवढे संपवतील तेवढेच खाणे घालावे. पोटभर खाऊ घालण्यात माया नाही. आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदलावे. नळाचे पाणी एक दिवस उघड्या बादलीत ठेवून मग घालावे, म्हणजे क्लोरीन उडून जाते. सगळे पाणी एकदम बदलू नये. मे महिन्यात पाणी तीस अंशांच्या वर जात असेल तर गोठवलेल्या पाण्याची बंद बाटली काही वेळ पेटीत तरंगत ठेवावी, पण एकदम गार करू नये. सोनेरी माशांना वीस अंशांच्या आसपासचे पाणी मानवते, हे विकत घेण्याआधीच ध्यानात घ्यावे. वीज गेली तर तांब्याने पाणी वर घेऊन हळूहळू ओतत राहावे, तेवढीच हवा मिसळते.

जनावरांचा हौद झाडाखाली किंवा छपराखाली असावा. सावलीने ऊन आणि ऊब हे दोन्ही पाय एकदम लुळे पडतात. आठवड्याला हौद रिकामा करून काथ्याने घासावा, वाळू द्यावा आणि आतून चुना लावावा. हौदात शेण-मूत्र आणि चाऱ्याची घाण पडू देऊ नये. हौदात मोरचूद टाकू नये. शेळ्या-मेंढ्या असतील तर अजिबात नाही. मेंढरांना तांबे फार लवकर बाधते.

राज्यात २०१६ साली 'मागेल त्याला शेततळे' योजना आली आणि गावोगाव शेततळी झाली. उथळ तळे लवकर तापते, म्हणून गाळ काढून खोली टिकवावी. वरच्या शेतातले खताचे पाणी तळ्यात येऊ नये म्हणून काठाने चर किंवा गवताचा पट्टा ठेवावा. तळे केवळ सिंचनासाठी असेल तर पंपाचे तोंड अगदी वरही नको आणि तळाशीही नको. तरंगत्या पिंपाला बांधून ते पृष्ठभागापासून हात-दीड हात खाली ठेवावे. ठिबकच्या तोट्या शेवाळाने बुजतात, म्हणून वाळूचा फिल्टर उलट्या पाण्याने वेळच्या वेळी धुवावा आणि नळ्यांची शेवटची टोके उघडून घाण सोडावी. नळ्या काळ्या असतात, त्यामुळे आत उजेड जात नाही.

तळ्यात मासे असतील तर एक सोपी परीक्षा करावी. हात कोपरापर्यंत पाण्यात बुडवा. तळवा कोपराच्या आधीच दिसेनासा झाला तर पाणी फार हिरवे झाले. शेण आणि खाणे घालणे थांबवा. सलग ढगाळ दिवस आले तर खाणे निम्मे करा. पहाटे मासे वर येऊन तोंड उघडू लागले तर वाट पाहू नका. पंप लावून तळ्याचेच पाणी उंचावरून फवारत तळ्यात सोडा, जमले तर विहिरीचे ताजे पाणी घाला. रोहू-कटल्याबरोबर थोडे चंदेरा मासे सोडले तर ते पाण्यातले बारीक शेवाळ खातात, पण खत जास्तच पडत असेल तर त्यांच्यानेही निभावत नाही.

शेवाळ वैरीच नव्हे

एवढे वाचून शेवाळाचा राग येईल, म्हणून एक गोष्ट सांगतो. भाताच्या खाचरात वर्षानुवर्षे खत न घालताही पीक कसे येते, याचा शोध घेताना १९३९ साली पी. के. डे या भारतीय शास्त्रज्ञाने दाखवले की खाचरातले नील-हरित शेवाळच हवेतला नत्र जमिनीत बांधते. भुदरगड-राधानगरीकडच्या भातकरी शेतकऱ्याचे ते न मागता राबणारे गडी आहे. जनावरांना घालतात त्या अझोलाच्या पानांतही असेच एक नील-हरित शेवाळ मुक्कामाला असते. ज्या तळ्यात थोडेही शेवाळ नाही, त्यात मासाही जगत नाही. शेवाळ नाहीसे करायचे नसते, ते आवरायचे असते. अति तेथे माती, एवढेच.

दोन बरण्या

भाच्याला समजुतीच्या गोष्टींपेक्षा काम हवे होते. मी त्याला दोन सारख्या काचेच्या बरण्या आणायला सांगितल्या. दोन्हींत त्याच पेटीतले हिरवे पाणी समान भरले आणि दोन्ही एकाच खिडकीत शेजारी शेजारी ठेवल्या, म्हणजे ऊन सारखे, खत सारखे. एक बरणी तशीच. दुसरी पसरट परातीत उभी केली आणि परातीत दिवसातून चार वेळा माठातले गार पाणी भरायचे. थर्मामीटर मी त्याच्याकडेच ठेवून आलो. आठव्या दिवशी त्याचा फोन आला. "मामा, गरम बरणीतनं पलीकडचं वर्तमानपत्र दिसत नाही. गारवाल्यातनं मोठी अक्षरं वाचता येतात." गार बरणी पाच-सहा अंशांनीच थंड राहिली होती. तेवढ्याने एवढा फरक पडला.

हा प्रयोग तुमच्या घरी मुलांकडून जरूर करून घ्या. खर्च काही नाही. मुलांना एकदा डोळ्यांनी दिसले की हौद सावलीत घ्यायला ती तुम्हालाच आठवण करतील.

पावसाळा सुरू झाल्यावर भाच्याने पेटी पुन्हा भरली. या वेळी ती आतल्या भिंतीला आहे, मासे तीनच आहेत आणि खाणे एकदाच. बहीण सांगते, वीज गेली की रात्री उठून तांब्याने पाणी ओतत बसतो. आणि पन्हाळ्याकडच्या त्या शेतकऱ्याने दोन वर्षांनी पुन्हा मासे सोडले. त्या वेळी त्याने मला मुद्दाम बोलावून घेतले. मी आधी तळ्याच्या काठावर बसून कोपरापर्यंत हात पाण्यात बुडवला, तापमान मोजले, माशांचे विचारले आणि मगच तोंड उघडले.

मंडळी, यंदा उन्हाळा लागण्याआधी आपापल्या हौदाकडे, विहिरीकडे, तळ्याकडे एक फेरी मारा. पाण्यात हात घाला. ते किती ऊबदार आहे आणि त्यात काय वाहून येते आहे, एवढे पाहिलेत तरी निम्मे काम झाले.